साहेबाची तक्रार करा, तुयेला जा

साहेब चारचौघांत 'बिनडोक' म्हणतो? रात्री अकराला ग्रुपवर तुमच्या चुकीला लाल गोल करून टाकतो? मग वाट कसली बघता, तक्रार करा. एचआरचं दार सदैव उघडं असतं. आत बोललेलं साहेबाच्या केबिनपर्यंत नीट ऐकू जावं म्हणूनच ते उघडं ठेवतात.

तक्रार लेखी द्या. तोंडी दिली तर 'गैरसमज' ठरतो, लेखी दिली तर 'शिस्तभंग'. पोच मात्र मागू नका. पोच मागणाऱ्याचा कंपनीवर विश्वास नाही, हे तिथल्या तिथे सिद्ध होतं.

एचआरच्या बाई पहिला प्रश्न विचारतील, "हे लैंगिक छळात बसतं का?" नाही म्हणालात की त्यांचा चेहरा खुलतो. 2013 च्या कायद्याने 10 किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे समिती लागते, पण ती लैंगिक छळापुरती. नुसत्या शिवीगाळीसाठी वेगळा कायदा नाही, म्हणजे शिवीगाळ झालीच नाही. हिशेब चोख.

'गोपनीय' या शब्दावर श्रद्धा ठेवा. गोवा तो केवढा! बाईंची नणंद आणि साहेबांची बायको एकाच भजनी मंडळात.

चतुर्थीची रजा मंजूर झाली होती ना? आता नाही. गणपतीवरची माटोळी भाऊ बांधेल.

बदलीची ऑर्डर आली की पेढे वाटा. वेर्ण्याहून थेट तिकडे पेडण्यातल्या तुयेला, 'कामाच्या निकडीमुळे'. राहता फोंड्याला, तर काय झालं? फोंडा ते पणजी, पणजी ते म्हापसा, म्हापशाहून पुढे जी मिळेल ती. परतीच्या संध्याकाळच्या बसबद्दल मी गोव्यातल्या वाचकाला काय सांगू! आणि निकड कसली, तर गोदामातली जुनी चलनं तारीखवार लावायची. टेबलाला ड्रॉवर नाही, पंख्याचा रेग्युलेटर उपटलेला, कॉम्प्युटर 'येतोय'. वर मेमो येतो: 'आपल्या कामात उत्साह दिसून येत नाही.' चलनं उत्साहाने कशी लावतात? फुगडी घालत? तिकडे ज्याने माझ्या अंगावर फाइल भिरकावली त्याला वार्षिक समारंभात शाल, श्रीफळ आणि 'उत्कृष्ट नेतृत्व' लिहिलेली काचेची ट्रॉफी! टाळ्या कुणी वाजवल्या तेही मला ठाऊक आहे.

धोरणाच्या नावाखाली आकसाने बदली करणं ही अनुचित प्रथा आहे, असं कामगार कायद्याच्या परिशिष्टात स्वच्छ छापलंय. बाईंनाही ते पाठ आहे. म्हणून तर पगार तोच ठेवून आम्हाला 'सिनियर एक्झिक्युटिव्ह' केलं, म्हणजे आम्ही कामगारच नव्हे! पण कोर्ट हुद्द्याची पाटी बघत नाही, प्रत्यक्ष काम काय ते बघतं. चलनं लावणारा एक्झिक्युटिव्ह बघू दे त्यांना एकदा. पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. तिथे अर्ज द्यायचा, दोन्ही बाजूंना बोलावून समेटाचा प्रयत्न होतो, नाही जमलं तर पुढे प्रकरण चालतं. माझा अर्ज तयार आहे. पोचही घेणार आहे.

साक्षीदारांची जागा तेवढी कोरी आहे. उपरोध राहू दे बाजूला. ऑफिसातल्या मित्रांनो, त्या फाइलवाल्या मीटिंगला तुम्ही सगळे होतात. फेकलेली फाइल उचलून, झटकून, साहेबापुढे अदबीने ठेवली कोणी? आता म्हणतोस, "मी तेव्हा फोनवर होतो." कँटीनमध्ये मिक्स भाजी खाताना पाठीवर हात ठेवता, 'आम्ही आहोत रे' म्हणता, आणि केबिनचं दार उघडलं की तोच हात खिशात. तुमच्यापैकी निम्म्यांनी त्याच माणसाच्या शिव्या खाल्ल्यात, घरी जाऊन बायकापोरांवर राग काढलाय. लाज वाटू द्या जरा. सही करायची तर या शनिवारी घरी या, मी आहे. नसेल करायची तर "तुयेला कसं वाटतंय रे?" म्हणून फोन करू नका, आणि साहेबाच्या वाढदिवसाच्या केकची वर्गणी तर माझ्याकडे अजिबात मागू नका.