घर आहे का पानठेला? गुरुजी, हे घ्या उत्तर

नमस्कार गुरुजी,

तुमची कमेंट दोनदा वाचली, मग घरात मोठ्याने वाचून दाखवली, आणि सगळ्यात जास्त कोण हसलं असेल तर आमच्या सासूबाई. "पाय व, म्या म्हनलं होतं ना" एवढंच बोलल्या आणि परत सुपातल्या डाळीकडे वळल्या. म्हणजे हे उत्तर मी एकटीच्या जिवावर देऊन राहिली आहे, घरातून सपोर्ट नाही.

ज्यांनी कमेंट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. मागच्या लेखात मी आमच्या घराचे फोटो टाकले होते, बैठकीची एक भिंत वांगी रंगाची, त्याच भिंतीतलं दार हळदी, सायपाकघर वरून गुलाबी आणि खाली कंबरेइतकं मेंदी हिरवं. त्यावर गुरुजींनी लिहिलं की ताई, हे घर आहे का पानठेला, आपल्याकडे मे महिन्यात ४५-४६ डिग्री तापतं तिथे गडद रंग म्हणजे भट्टी, सोयाबीनचा पैसा हाती येत नाही आणि तुम्ही चार-चार रंगांचे डबे आणायला सांगता, हे सारं विदेशातलं खूळ आहे, आपली परंपरा पांढऱ्या मातीची आणि गेरूची, साधेपणा पाहायचा असेल तर सेवाग्रामला जाऊन बापूकुटी पाहून या. शेवटी अजून एक ओळ होती, तिच्यावर मी पण शेवटीच येते.

पानठेल्याचं आधी घेते कारण ते मनाला लागलं नाही, उलट विचारात पाडलं. आमच्या स्टँडवरचा ठेला लाल, हिरवा, पिवळा, सगळेच रंग एकदम कडक, आणि त्याचं बरोबरच आहे, गाडीवरून जाणाऱ्या माणसाला दुरून दिसला पाहिजे. सगळे रंग एकाच वेळी ओरडून राहिले असतात. माझ्या बैठकीत तसं नाही हो. वांगी रंग मी मुद्दाम बुजलेला घेतला, त्यात थोडं काळं पाडलेलं आहे, तो गप्प बसतो, आणि दार एकटं बोलतं. हेच दार मी कडक पोपटी किंवा लाल भिंतीत ठेवलं असतं तर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं झालं असतं, चुन्याची डबी तेवढी ठेवायची बाकी राहिली असती. म्हणजे दोन रंग जुळतात का यापेक्षा दोघांपैकी दबून कोण राहणार हे मी आधी ठरवते.

आता सासूबाईंचं सांगते. रंग मारून झाला त्या दिवशी त्या वावरातून आल्या, फाटकातूनच पाहिलं आणि म्हणाल्या, "घराले पोयाचा बैल करून ठेवलं व माय." सगळे हसले, मला जरा राग पण आला, पण रात्री झोपताना वाटलं की हे तर बरोबर बोलल्या. पोळ्याला आपण काय करतो? बैल पांढरा, शिंगं लाल नाहीतर निळी, त्यावर चमचम बेगड, पाठीवर झूल तिसऱ्याच रंगाची. तेव्हा कोणी विचारत नाही की निळ्या शिंगाला गुलाबी गोंडा मॅच होतो का. आणि दिसतो किती देखणा, कारण खाली एवढं मोठं पांढरं अंग आहे ना गप्प. काळ्या नाहीतर तांबड्या बैलाला तेच शिंगाचे रंग मारले तर पाहा, वेगळेच दिसतात, डबा तोच असला तरी.

ही शेवटची गोष्ट नुसती माझ्या डोळ्याची नाही. फ्रान्समध्ये शेव्रल नावाचा एक केमिस्ट होता, १८२४ मध्ये त्याला पॅरिसच्या गोब्लां गालिचा कारखान्यात रंगाईच्या खात्याचा मुख्य केलं. तिथे तक्रार होती की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही, रंग कच्चा आहे. त्याने तपासलं तर रंगात काहीच खोट नव्हती, शेजारी जो धागा विणला होता त्याच्यामुळे काळा फिका दिसत होता. मग त्याने वर्षानुवर्षं यावरच काम केलं आणि १८३९ मध्ये सगळं छापलं. थोडक्यात काय तर डोळा एकटा रंग पाहतच नाही, शेजारच्याला धरूनच पाहतो. पिवळ्याच्या शेजारी साधी राखाडी ठेवली तरी ती निळसर जांभळट वाटायला लागते. माझी वांगी भिंत दुकानातल्या शेडकार्डवर मातकट दिसत होती, पेंटरभाऊ तर म्हणाला, "बाई, एकडाव मारला का मंग मले नोका म्हनू," पण हळदी दार बसलं आणि तीच भिंत उठून आली. माझ्या आईच्या करवतकाठी साडीत पण हेच आहे, अंग टसरचं मधासारखं, काठ गडद, आणि त्या काठामुळेच मधला रंग सोन्यासारखा वाटतो. भंडाऱ्याच्या विणकरांना शेव्रल कोण हे माहीत नसेल, पण काठ कोणता लावायचा हे पक्कं माहीत आहे.

म्हणून परंपरा साधी होती या तुमच्या म्हणण्यावर मी अडून बसते. पांढरी माती पोतारलेली भिंत आणि खाली गेरूचा पट्टा, हे साधं वाटतं कारण आपण लहानपणापासून पाहून राहिलो. पण विचार करा, एवढी पांढरी भिंत आणि एकदम लाल पट्टा, हे काय मवाळ आहे का? चुन्यात नीळ टाकायची ती पण काही उगाच नाही, चुना सुकला की पिवळट पडतो, नीळ तो पिवळटपणा मारते म्हणून भिंत जास्त पांढरी दिसते. थोडी नीळ जास्त पडली की आभाळी घर तयार, आमच्या गावात अशी चार घरं आहेत आणि प्रत्येकात म्हातारी सांगते की मुद्दाम केलं होतं. गेरू आणि पिवळी माती एकमेकाजवळ नेहमी छान दिसतात त्याचंही कारण आहे, दोन्हीत लोखंडाचाच गंज, पिवळ्यात जरा पाणी बांधलेलं असतं, पिवळी माती चांगली भाजली की लाल होते. भाऊबंदच आहेत ते. आणि हे मातीचे रंग उन्हाने उडत नाहीत, हे लक्षात ठेवा, पुढे माझी फजिती येते त्यात उपयोगी आहे.

बापूकुटी मी पाहिली आहे गुरुजी, दोनदा. १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला आले, ती कुटी आधी त्यांच्या शिष्या मीराबेनसाठी होती, आणि भिंतीवर मीराबेनने मातीतूनच उठवलेली ताडाची झाडं आहेत, रंग एकही नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात पाहाल तर ती झाडं नुसत्या सावलीने दिसतात. मला पण ते घर फार आवडतं, खोटं कशाला बोलू. पण तिथे एक निर्णय घेऊन तो शेवटपर्यंत पाळला आहे. आपल्या घरात टीव्ही, प्लास्टिकच्या खुर्च्या, लेकरांची दप्तरं, कॅलेंडर, सगळं आधीच रंगीत आहे, तिथे पांढरी भिंत साधी राहत नाही, नुसती बिचारी दिसते.

आता उन्हाचं. इथे तुम्ही अर्धे बरोबर आहात आणि अर्धे नाही. घराच्या आतल्या भिंतीवर ऊन पडतच नाही, त्यामुळे आत वांगी मारा का पांढरा मारा, तापण्यात फरक हाताला लागणार नाही. घर तापतं ते स्लॅबमधून, टीनातून आणि पश्चिमेच्या भिंतीतून. स्लॅबवर मार्च संपायच्या आत चुना मारा, त्यात थोडा फेव्हिकॉल टाका म्हणजे पायाला लागत नाही, पावसात धुतला गेला तरी चालतं, काम झालेलं असतं. आतल्या गडद रंगाचा खरा तोटा वेगळाच आहे, तो उजेड खातो. आमच्या बैठकीला दोन खिडक्या आणि समोर सपरी आहे म्हणून निभावलं, मधल्या खोलीत मी तो मारला असता तर दुपारी बारा वाजता लाइट लावावा लागला असता.

आणि जे मी लेखात लिहिलं नाही ते आता कबूल करते. बाहेरची पश्चिमेची भिंत मी मागच्या साली गडद राणी रंगाची केली होती. एप्रिलात संध्याकाळी हात लावला तर तवा. रात्री दहापर्यंत आतून गरम लागायची, तिच्याजवळची खाटली उचलून दुसरीकडे न्यावी लागली. वरून तो रंग पण टिकला नाही, एका उन्हाळ्यात जुन्या ओढणीसारखा झाला. बाहेरून गेरूचा पट्टा खाली आणि वर चुना, हे जे आपल्या आज्या करत होत्या ते बाहेरच्यासाठी अगदी हिशोबाचं होतं. फोटोत ती भिंत मी घेतलीच नव्हती, तुम्ही म्हणाल लबाडी केली, तर हो, केली.

सायपाकघराचं पण एक. गुलाबी रंग दिवसा मस्त, पण रात्री पांढरा एलईडी लावला की दवाखान्यातल्या गोड दवाईसारखा दिसायचा, जेवण जाईना. मग पिवळसर उजेडाचा बल्ब आणला आणि तोच गुलाबी शेकल्यासारखा ऊबदार झाला. म्हणून डबा फोडायच्या आधी एका पुठ्ठ्यावर हातभर रंग मारून सकाळी, दुपारी आणि रात्री आपल्याच बल्बखाली पाहा, दुकानाच्या ट्यूबखाली पाहून विश्वास ठेवू नका. लोडशेडिंगमध्ये तर वेगळीच मजा, अंधुक उजेडात लाल सगळ्यात आधी काळा पडतो आणि निळा-हिरवा मागून उजळ राहतो, पुर्किन्ये नावाच्या झेक शास्त्रज्ञाने हे एकोणिसाव्या शतकात लिहून ठेवलं, त्याच्या नावानेच ओळखतात. आमची माठाची तिवई लाल आहे, लाइट गेली की तिला ठेचकाळल्याशिवाय कोणी राहत नाही. अंधाऱ्या माजघरात म्हणूनच लाल नको, हळदी किंवा मोरपंखी चालेल.

पैशाचं तुमचं बरोबर आहे, त्यावर वाद नाही. पण मी चार डबे सांगितले नव्हते, पांढरं डिस्टेंपर एकच आणि त्यात रंग आणायला स्टेनरच्या छोट्या बाटल्या, हे लिहिलं होतं, तुमच्या नजरेतून सुटलं असेल. आणि ज्यांची भिंत अजून नुसत्या सिमेंटची आहे त्यांनी ती तशीच राहू द्यावी, फक्त दार-चौकट हळदी ऑइलपेंटने रंगवावी, एका लिटरच्या डब्यात होतं, आणि शेव्रलच्या कृपेने सिमेंट फुकटात निळसर दिसतं.

विदेशी खूळ? थोडं आहे. मेक्सिकोत लुईस बारागान नावाच्या आर्किटेक्टचं १९४८ चं घर आहे, २००४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, त्याच्या गुलाबी-पिवळ्या भिंतींचे फोटो पाहूनच मला धीर आला. पण तो धीर तिकडून आला, रंग इथलेच आहेत. फागुनात आपल्या जंगलात पळस पाहा, एक पान नाही, काळपट फांद्या आणि त्यावर शेंदरी आग.

आता ती शेवटची ओळ. तुम्ही लिहिलं की "मंडळींना लेख दाखवला तर त्या म्हणतात आपली पण खिडकी हिरवी करू, हा ताप तुमच्यामुळे." गुरुजी, काकूंना माझा नमस्कार सांगा. तुमची भिंत पांढऱ्या मातीची आहे म्हणता, तर पोपटी नको, मेंदीपेक्षा एक छटा गडद हिरवा घ्या, आणि खिडकीच्या भोवती चार बोटं गेरूचा पट्टा ओढा, हिरवा आपोआप ताजा दिसेल. खिडकी उत्तरेची असेल तर उत्तम, ऊन लागत नाही, रंग टिकतो. फक्त रंगवायच्या आधी जाळी चांगली पुसून घ्या, आमच्या पेंटरभाऊने पुसली नव्हती, आणि सायपाकघराच्या खिडकीत एक माशी कायमची मेंदी हिरवी होऊन बसली आहे.