कापड मँचेस्टरचं, म्हणून आदिरे खोटं?

नायजेरियातल्या आबेओकुटा शहरातल्या निळ्या कापडावर, म्हणजे योरुबा लोकांच्या निळीत रंगवलेल्या, नक्षीदार आदिरेवर, मी मागे लिहिलं होतं. त्या लेखावर ‘एक वाचक’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे. उत्तर लिहायला घेतलं आणि ते लांबत गेलं, म्हणून वेगळं टाकते आहे. प्रतिक्रिया थोडक्यात अशी: ‘ज्याला तुम्ही योरुबांची परंपरा म्हणून डोक्यावर घेता, त्याचं कापडच मँचेस्टरहून यायचं. आता तर बाजारात चिनी छापाचा माल आहे. शहर १८३०चं, ते प्राचीन कसलं? पुरुषांचा लेखात पत्ताच नाही. पर्यटकाच्या नजरेला परंपरा दिसत नसते, बाई.’

आधी ते ‘बाई’. माझं नाव लेखाच्या डोक्यावर छापलेलं आहे. तुमचं कुठेच नाही. चूक दाखवा, शंभर वेळा दाखवा, पण समोरच्याला चारचौघांत गप्प बसवायच्या सुरात बोलायचं असेल तर निदान नावानिशी बोला.

‘प्राचीन’ हा शब्द चुकला, हे मान्य. ओयोचं जुनं योरुबा साम्राज्य खिळखिळं झाल्यावरच्या लढायांत योरुबांपैकीच एग्बा लोक उठून ओलुमो खडकाच्या आसऱ्याला आले आणि तिथे शहर वसलं. आबेओकुटा म्हणजेच ‘खडकाखाली’. तो शब्द मी लेखातून काढला आहे. आभार.

आता मँचेस्टर. हे वाक्य तुम्ही असं टाकलंत, जणू मी काही लपवून ठेवलं होतं. गिरणीचं पांढरं, गुळगुळीत कापड आलं म्हणून तर आदिरेला बहर आला! जाड हातमागाच्या कापडावर बारीक नक्षी उठत नाही. आबेओकुटाच्या बायकांनी ते परकं कापड घेतलं, अडीच वाराचे दोन तुकडे जोडून नेसायचं वस्त्र केलं आणि त्यावर आपलं काम केलं. एक प्रकार ओनिको, राफियाच्या, म्हणजे एका ताडाच्या पानांच्या, धाग्याने बांधून रंगवायचा. दुसरा एलेको, आणि माझा जीव त्याच्यावर. कसाव्याच्या पिठाची खळ शिजवायची, त्यात तुरटी आणि मोरचूद घालायचं आणि कोंबडीच्या पिसाने ती कापडावर रेखायची. खळ असते तिथे रंग चढत नाही, आणि ती एकाच बाजूला लागते. म्हणून कापड उलटलं की मागे नक्षी नसते, नुसता निळा असतो. खऱ्या एलेकोची ही खूण मला इटोकू बाजारातल्या एका म्हाताऱ्या इयांनी (योरुबात इया म्हणजे आई) दाखवली. काही न बोलता त्यांनी माझ्या हातातलं कापड फक्त उलटं केलं होतं.

आणि तो निळा मँचेस्टरहून आला होता का? एलूची, म्हणजे तिथल्या निळीच्या झाडाची, कोवळी पानं कुटायची, गोळे करून वाळवायचे, राखेच्या पाण्यात कितीतरी दिवस आंबवायचे. कापड बुडवलं, वर काढलं की हिरवट दिसतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. पुन्हा बुडवायचं, पुन्हा वाळवायचं. त्या कुंडाची राखण इया मापो ही देवी करते, असं मानतात. रासायनिक नीळ आणि कॉस्टिक सोडा आल्यावर १९३०च्या दशकात याच शहरात केवढा वाद झाला. माल बिघडतो म्हणून खुद्द आलाकेंनी, म्हणजे तिथल्या राजांनी, बंदी घातली. कापड आयातीचं होतं तेव्हाही काय आपलं आणि काय परकं यावर ही माणसं भांडत होती. परंपरा जिवंत असल्याचा याहून मोठा पुरावा मला तरी माहीत नाही.

नक्ष्यासुद्धा काही पुराणातून उतरलेल्या नाहीत. ‘इबादानदुन’, म्हणजे ‘इबादान गोड आहे’, या नक्षीत योरुबांच्याच इबादान शहरातल्या मापो हॉलचे खांब आहेत. ती इमारत १९२९ची. १९३५ साली पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षं झाली, तर राजाराणीची चित्रंही आदिरेवर चढली. मग तीही नक्षी लंडनची म्हणायची का?

हे मी पुस्तकं चाळून बोलत नाही. माझे आजोबा रंगारी. संगमनेरला आमच्या मागच्या अंगणात निळीच्या नांदी जमिनीत पुरलेल्या होत्या. आजोबांच्या उमेदीच्या काळातच रंग डब्यातून येऊ लागला होता. कापड मुंबईच्या गिरण्यांचं होतं. पण नांद ‘लागली’, म्हणजे रंगवायला तयार झाली, की नाही हे ते वासावरून सांगत आणि त्यांची नखं मरेपर्यंत निळी होती. डबा विकतचा म्हणून त्यांना कोणी खोटा रंगारी म्हटलं नाही. म्हणायची कोणाची छातीच झाली नसती. त्या इयांच्या बोटांकडे पाहिलं तेव्हा माझ्या पोटात जे हललं, ते पर्यटकाचं नव्हतं.

पर्यटक! लागोसला आम्ही सहा वर्षं राहिलो. तिथून आबेओकुटा साधारण शंभर किलोमीटर. त्या रस्त्याने मी किती वेळा गेले याचा हिशेब ठेवलेला नाही. पहिल्या खेपेला मीही भाव करून तीन कापडं घेऊन परतले होते, हे खरं. नंतर मी तिथे नुसती बसायला जायचे. दुकानाच्या फळीवर, लाकडी मोगऱ्यांनी कापड बडवतानाचा ठोका ऐकत. तो बडवून बडवून आणलेला तजेला इस्त्रीने येत नाही.

पुरुषांचं म्हणाल, तर नक्षीची खळ लावायचे पत्र्याचे साचे ते कापत, हे माझ्या लेखात तिसऱ्या परिच्छेदात आहे. नीट वाचलं असतंत तर दिसलं असतं. चिनी छापाचं मी इथे काढत नाही. तो विक्रीचा विषय, मी लिहिलं ते करणाऱ्यांबद्दल. आणि या बायका म्हणजे बाजारात बसून कापड विकणाऱ्या बापुड्या असा तुमचा समज असेल, तर एवढंच वाचा: करांविरुद्ध याच शहरातल्या बायका आपल्या नेत्या फुन्मिलायो रॅन्सम-कुटींच्या मागे रस्त्यावर उतरल्या आणि १९४९ साली आलाकेंना गादी सोडावी लागली.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. ‘पर्यटक’ हा शब्द मात्र तुम्ही मागे घ्यावा, आणि तो नावानिशी घ्यावा.