रंकाळ्याची माणसं, मालवणची होडी

पाण्याच्या बाबतीत आम्हा कोल्हापूरकरांची पोच रंकाळ्यापर्यंत. रंकाळ्याला भरती नाही, ओहोटी नाही. कठडा आहे आणि कठड्यावर बसून खायची भेळ आहे. एवढ्या शिदोरीवर आम्ही दर हिवाळ्यात राधानगरी, फोंडा घाट, कणकवली, कसाल असा रस्ता धरतो आणि मालवणात गाईड गाठून सिंधुदुर्गावर चालून जातो.

पहिली चूक घरीच होते, कॅलेंडरापाशी. संकष्टी कधी आणि मटण कधी, एवढ्यापुरतंच ते भिंतीवर असतं असा आमचा समज. वास्तविक समुद्राचं वेळापत्रकही त्यातच आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते: चतुर्थीला 3, अष्टमीला 6, पुनवेला सव्वाअकरा. त्यापुढं सहा तासांनी ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशी सगळंच पाऊण तासानं पुढं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी बेताचं चढतं-उतरतं, पुनव-अवसेला उधाण. आम्ही हटकून पुनव धरतो, कारण चांदणं. पहाटे 5 ला निघायचं ठरतं, माणसं जमेपर्यंत 8 वाजतात, वाटेत मिसळ, मग मिसळीवर चहा. होडीत बसायला साडेतीन. तोवर पाणी ओसरून शेवाळलेले खडक वर आलेले असतात.

आणि त्या खडकांवर आम्ही कोल्हापुरी चप्पल घालून उतरतो.

शेवाळावर चामड्याचा तळ म्हणजे साबणावर साबण. चप्पल काढावी तर खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या. शहाण्यानं मागं पट्टा असलेली, जाड रबरी तळाची सँडल न्यावी. पण ‘सँडल घालून किल्ल्यावर?’ हा आमच्याकडं इज्जतीचा प्रश्न असतो. तालमीत घाम गाळलेला गडी मग अंगानं काडीएवढ्या होडीवाल्याचा दंड धरून किनाऱ्याला लागतो.

पुढं दरवाजा. तो दोन बुरुजांच्या वळणात असा दडवलाय की समुद्रावरून येणाऱ्या शत्रूला दिसू नये. आमच्यातल्या निम्म्यांनाही दिसत नाही. ते तटाकडं तोंड करून सेल्फी काढत राहतात. गाईड मात्र पाठ केल्यासारखा सुटतो: 1664 साली कुरटे बेटावर पायाभरणी, पायात ओतलेलं शिसं, चुन्यात उमटलेला महाराजांचा हात आणि पाय, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर. होडीवाल्याची मुदत तासाभराची, त्यामुळं गाईडचं एक वाक्य सुरू होतं तटावर आणि संपतं मंदिरात.

मधेच तो विचारतो, “तुम्ही खंयचे?” ‘कोल्हापूर’ हे उत्तर छाती काढून द्यायचं नसतं, पण ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. तो शांतपणे सांगतो की 1765 मध्ये इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस नाव दिलं, पुढं तो कोल्हापूरकरांना परत मिळाला आणि 1812 च्या तहात कोल्हापूरकरांनीच तो इंग्रजांना देऊन टाकला. सगळे एकदम बुरुज निरखायला लागतात.

सुटका करतात त्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी. भर समुद्रात गोडं पाणी कसं, यावर गाईड ‘चमत्कार’ म्हणून मोकळा होतो. अशा बेटांवर पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि खाऱ्यापेक्षा हलकं म्हणून त्याच्यावर राहतं. रश्श्यावरच्या तर्रीचं उदाहरण दिलं की आमच्यात कुणालाही दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

परतल्यावर कोंबडी-वडे पोटभर खाऊन लगेच फोंडा घाट चढू नये. सोलकढीची ताकद पहिल्या चार वळणांपुरतीच. भिजलेली चप्पल गाडीच्या टपावर उन्हात टाकू नये, चामडं वाकडं होतं. आधी गोड्या पाण्यानं मीठ धुवायचं, सावलीत वाळवायची, मग तेलाचा हात. आम्ही ती टपावरच टाकतो. घरी येईस्तोवर तिचा होडीसारखा आकार झालेला असतो, करकर गेलेली असते, आणि दुरुस्तीवाला हातात घेऊन नुसता वास घेतो.

“समुद्राला नेलतासा व्हय?”