बफर गर्ल्स राहिल्या की!
इंग्लंडमधल्या शेफील्ड या पोलादाच्या शहरावरचा लेख आवडला, १९१३ चं स्टेनलेस स्टील, ते बनवणारा हॅरी ब्रिअर्ली, सगळं आलंय, पण बफर गर्ल्स कुठायत? चमचे-काटे फिरत्या चाकावर घासून चकचकीत करणाऱ्या पोरी, वाळू आणि तेलाचा काळा राडा अंगावर उडायचा म्हणून डोक्याला फडकं, कपड्यांवरून चक्क रद्दी पेपर गुंडाळायचा अन् सुतळीनं बांधायचा, तरी घरी जाताना तोंड काळंच. आपण डिनर सेट बघून वा वा करतो!

मी तिथं वर्षभर होतो, केलम आयलंडच्या म्युझियममध्ये १९०५ चं रिव्हर डॉन नावाचं वाफेचं इंजिन चालू करून दाखवतात, १२,००० हॉर्सपॉवर, पायाखालची फरशी थरथरते. अन् १८६४ ला शेफील्डजवळचं धरण फुटून अडीचशेच्या आसपास माणसं गेली, तेही लिहा की.