कापसाचा चुकारा आणि ‘अवघ्या सात रुपयांचा’ शेअर : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

कापसाचे चुकारे खात्यात जमा होऊ लागले की यवतमाळ, वाशीम, अमरावतीकडच्या गावांतील व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक संदेश फिरू लागतो. कंपनीचे नाव बदलत राहते, मजकूर बहुतेक तोच असतो. या वेळच्या संदेशातील कंपनी शेतीसाठी ड्रोन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांचे काम करते, असे त्यात म्हटले आहे. तिचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण टीकेसाठी घेतलेले नावही अशा कंपनीची जाहिरातच करते. संदेशाचा गोषवारा असा : बँकेतील ठेवीत पैसा कुजतो; हा शेअर अवघ्या 7 रुपयांना मिळतो, म्हणून धोका सात रुपयांचाच; इन्फोसिसही एकेकाळी इतकीच लहान होती; कंपनी सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, मान्यतेने बाजारात आलेली आहे; रोज अपर सर्किट लागते आहे, म्हणजे मोठी माणसे माल उचलत आहेत; सरकारी काम मिळाले असून बोनस, म्हणजे फुकटचे जादा शेअर, येऊ घातला आहे; भाव पडला तर आणखी घ्यावा, कारण विकला नाही तोवर तोटा नसतो; आणि शेतकऱ्याला या नफ्यावर कर नाही.

ठेवीविषयीचे विधान पुष्कळसे खरे आहे. महागाई वजा केली की ठेवीच्या व्याजातून हाती फारसे उरत नाही. बँकेतील ठेवीला 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतील ठेवीला तेही नसते, आणि बुडालेल्या पतसंस्थांचे अनुभव आपल्याकडे काही कमी नाहीत. परंतु ठेव अपुरी आहे एवढ्यावरून समोरचा शेअर योग्य ठरत नाही. त्याची योग्यता त्याच्याच कागदपत्रांवरून सिद्ध व्हावी लागते, आणि संपूर्ण संदेशात त्या कागदपत्रांचा उल्लेखही नाही.

सात रुपयांचा शेअर स्वस्त असतो, हा समज सर्वांत खोलवर रुजलेला आहे. शेअरचा भाव कंपनीचे मोल सांगत नाही. भावाला एकूण शेअरच्या संख्येने गुणले की ते कळते. एखाद्या कंपनीचे 60 कोटी शेअर असतील आणि भाव 7 रुपये असेल, तर बाजार तिची किंमत 420 कोटी रुपये लावतो आहे. दुसऱ्या कंपनीचे 50 लाख शेअर 700 रुपयांना मिळत असतील, तर तिची किंमत 350 कोटी रुपये होते. दोघींचा नफा सारखाच असेल, तर सात रुपयेवाली महाग आहे. राहिला ‘धोका सात रुपयांचाच’ हा युक्तिवाद. सात रुपयांचा एकच शेअर कोणी घेत नाही. सत्तर हजार रुपये गुंतवणाऱ्याच्या हाती दहा हजार शेअर येतात आणि धोका सत्तर हजारांचा असतो. शिवाय सातचे सत्तर पैसे झाले तरी घसरण थांबेलच असे नाही. सत्तर पैशांचे पस्तीस पैसे होतात तेव्हा उरलेल्या रकमेचा पुन्हा अर्धा भाग जातो.

इन्फोसिसचे उदाहरण देणाऱ्याने तिचा इतिहासही सांगायला हवा होता. कंपनी स्थापन झाली 1981 मध्ये आणि तिची सार्वजनिक विक्री झाली 1993 मध्ये, 95 रुपये दराने. बाजारात येताना तिच्या मागे बारा वर्षांचे काम होते, परदेशी ग्राहक होते. त्या वेळी तिचा गाजावाजाही नव्हता; विक्रीला पुरेसे अर्जदार मिळाले नव्हते. गाजावाजा पुढे 1999 आणि 2000 मध्ये झाला तो डीएसक्यू सॉफ्टवेअर, पेंटाफोर, सिल्व्हरलाइन अशा नावांचा, आणि शेअर दलाल केतन पारेख याच्या घोटाळ्याच्या प्रकरणात मार्च 2001 च्या आसपास बाजार कोसळला तेव्हा त्या शेअरमधील पैसाही गेला. आज शेअर ठेवण्याचे डीमॅट खाते उघडणाऱ्या तरुणाने ही नावे ऐकलेलीही नसतात, म्हणूनच इन्फोसिसचा दाखला इतका खपतो. वाचलेल्या एकीची गोष्ट सांगायची आणि गेलेल्यांची नावेही घ्यायची नाहीत, हा या संदेशांचा जुना परिपाठ आहे.

सेबीची मान्यता म्हणजे हमी नव्हे. सेबी कोणत्याही शेअरची शिफारस करत नाही आणि कंपनीने दिलेली माहिती खरी असल्याची ग्वाहीही देत नाही. शेअर विकण्याआधी कंपनी जे माहितीपत्रक काढते त्या विक्रीपत्रात तसे स्पष्ट छापलेले असते. लघु व मध्यम उद्योगांसाठी 2012 पासून सुरू असलेल्या वेगळ्या मंचांवर तर विक्रीपत्राची छाननी मुख्यतः शेअर बाजारच करतो, सेबी त्यावर अभिप्राय देत नाही. छाननीतून काय सुटू शकते ते सप्टेंबर 2024 मधील ट्रॅफिकसोल आयटीएस टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या विक्रीत दिसले. सुमारे 45 कोटी रुपये गोळा करणाऱ्या या कंपनीला त्यातील मोठी रक्कम ज्या पुरवठादाराकडून सॉफ्टवेअर घेण्यासाठी द्यायची होती, त्याच्या खरेपणाविषयीच तक्रार झाली. शेअरची बाजारातील नोंदणी थांबवण्यात आली आणि चौकशीअंती डिसेंबर 2024 मध्ये सेबीने गुंतवणूकदारांचे पैसे परत करण्याचा आदेश दिला. येथे शेअर बाजारात खुला होण्याआधी तक्रार झाली म्हणून पैसे परत मिळाले. संदेशातील कंपनी आधीच खुली आहे. तिच्यात पैसे परत करण्याचा असा आदेश होण्याची आशा धरता येत नाही.

आता सर्किटकडे वळू. या दाव्यावर अधिक थांबावे लागेल, कारण नवा माणूस याच आकड्याला भुलतो.

शेअरचा भाव एका दिवसात किती वर किंवा खाली जाऊ शकतो याची मर्यादा शेअर बाजार ठरवतो. ती 2, 5, 10 किंवा 20 टक्के असते. भाव वरच्या मर्यादेला टेकला आणि घेणारे रांगेत असूनही विकणारा कोणी उरला नाही, तर त्याला अपर सर्किट म्हणतात. रोज 5 टक्क्यांचे अपर सर्किट लागत गेले तर 15 सत्रांत, म्हणजे बाजाराच्या 15 दिवसांत, भाव दुप्पट होतो. पण हा भाव किती शेअरच्या व्यवहारावर ठरला, हे संदेश सांगत नाही. बहुतांश शेअर प्रवर्तकांकडे, म्हणजे कंपनी काढणाऱ्या-चालवणाऱ्यांकडे, आणि उरलेले मोजक्या खात्यांत असतील, तर काही हजार शेअर आपापसांत फिरवूनही भाव चढवता येतो. बाजार समितीच्या फलकावर कापसाचा चढा भाव लागला आणि त्या भावाने दिवसभरात एकच गाडी मोजली गेली, तर बाहेर उभ्या असलेल्या सगळ्या कास्तकारांना तो भाव मिळाला, असे आपण म्हणत नाही.

पडत्या काळात हेच चक्र उलटे फिरते. लोअर सर्किटला भाव टेकला की विकणारे रांगेत असतात आणि घेणारा नसतो. रांगेतील सर्वांचा भाव एकच असल्याने ज्याचा विक्रीचा आदेश आधी, त्याचा शेअर आधी विकला जातो. लाखो शेअर धरून बसलेल्याचा आदेश बाजार उघडताच लागलेला असतो. दिवसभर वावरात राबून दुपारी मोबाइल उघडणाऱ्याचा आदेश रांगेच्या शेवटी पडून साडेतीन वाजता रद्द होतो. दुसऱ्या दिवशी भाव आणखी 5 टक्के खाली असतो. याच गतीने 14 सत्रांत निम्म्याहून अधिक पैसा जातो, आणि त्या सगळ्या काळात गुंतवणूकदार विकण्याचा प्रयत्न करतच असतो. संशयास्पद हालचालींमुळे शेअर बाजाराच्या वाढीव निगराणीखाली गेलेल्या काही शेअरमध्ये तर आठवड्यातून एकदाच व्यवहाराची मुभा उरते. ‘अमुक भावाला बाहेर पडू’ हा ठराव अशा वेळी कागदावरच राहतो.

‘मोठी माणसे माल उचलत आहेत’ हे विधान तपासण्यासाठी साधना ब्रॉडकास्टचे प्रकरण पाहावे. कंपनी दूरचित्रवाणीच्या धंद्यातील होती, परंतु पद्धत तीच होती. जुलै 2022 मध्ये एका बड्या उद्योगसमूहाकडून ती विकत घेतली जाणार असल्याचे खोटे दावे करणाऱ्या यूट्यूब चित्रफिती पसरल्या. मार्च 2023 च्या सेबीच्या अंतरिम आदेशातील निरीक्षण असे, की आधी आपापसांत व्यवहार करून भाव आणि उलाढाल चढवण्यात आली, मग चित्रफिती आल्या आणि नवे लोक धावले तेव्हा प्रवर्तकांपैकी काहींनी व आधीपासून शेअर धरून असलेल्यांनी आपला माल त्यांच्या गळ्यात घातला. लहान भागधारकांची संख्या 2,167 वरून 55,343 वर गेली. म्हणजे माल उचलणारी माणसे लहान होती.

हे तपासायला कोणाच्या ओळखीची गरज नाही. प्रत्येक नोंदणीकृत कंपनीचा भागधारणेचा तक्ता शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर ठरावीक काळाने येतो. त्यात प्रवर्तकांचा वाटा, त्यांनी गहाण ठेवलेले शेअर आणि 2 लाख रुपयांपर्यंत दर्शनी भांडवल (शेअरवर छापलेल्या मूळ किमतीने मोजलेले) असलेल्या किरकोळ भागधारकांची संख्या वेगवेगळी दिलेली असते. प्रवर्तकांचा वाटा उतरत असेल आणि किरकोळ भागधारक हजारांनी वाढत असतील, तर कोण विकते आहे आणि कोण घेते आहे हे त्या एका पानावरून कळते. संदेश लिहिणाऱ्याला हे पान माहीत नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

सरकारी कामाच्या बातमीबाबत असे, की कंपनीने शेअर बाजाराला कळवलेली घोषणा ही कंपनीचे निवेदन असते. बाजाराने तिची शहानिशा केलेली नसते. घोषणेत कार्यादेश आहे की नुसता सामंजस्य करार, काम देणारा कोण, मुदत किती, हे पाहावे. राज्य सरकारच्या निविदा महाटेंडर्स या संकेतस्थळावर असतात. त्याहून महत्त्वाचे पान वार्षिक अहवालात आहे : विक्री फुगत असेल, पण व्यवसायातून रोख येत नसेल आणि ग्राहकांकडून यायची येणी वाढत असतील, तर ती विक्री कोणाला झाली हा प्रश्न विचारावाच लागतो. ड्रोनचे नाव काढताच आपल्याकडचा तरुण भारावतो, कारण फवारणीचा ड्रोन त्याने डोळ्यांनी पाहिलेला असतो. परंतु धंदा खरा असणे आणि त्या धंद्यातील प्रत्येक कंपनी खरी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्याच्या ड्रोनआचार्य कंपनीचा शेअर डिसेंबर 2022 मध्ये सार्वजनिक विक्रीत 54 रुपयांना विकला गेला आणि 102 रुपयांना बाजारात खुला झाला. पुढे 2025 मध्ये सेबीने विक्रीतून आलेल्या पैशांचा गैरवापर व दिशाभूल करणाऱ्या घोषणा यांबद्दल कंपनी व तिच्या प्रवर्तकांवर कारवाई केली.

बोनसने कंपनीत एक पैसाही येत नाही. एकास एक बोनस मिळाला की शेअर दुप्पट होतात आणि भाव साधारण निम्मा होतो. उत्साहवर्धक घोषणा, त्यापाठोपाठ बोनस किंवा शेअरचे विभाजन, आणि चढलेल्या भावात प्रवर्तकांची विक्री, या क्रमाविषयी सेबीनेच ऑगस्ट 2024 मध्ये लघु उद्योगांच्या शेअरच्या संदर्भात गुंतवणूकदारांना जाहीरपणे सावध केले होते. संदेशात बोनसची बातमी आनंदाची म्हणून दिली आहे.

भाव पडल्यावर आणखी घेण्याच्या सल्ल्याचा हिशोब मांडून पाहावा. 7 रुपयांनी 10,000 शेअर घेतले, म्हणजे 70,000 रुपये गेले. भाव 3.50 झाल्यावर आणखी 70,000 रुपयांत 20,000 शेअर घेतले, तर सरासरी सुमारे 4.67 वर येते आणि मनाला बरे वाटते. भाव दीड रुपयावर गेला, तर पहिल्याच खरेदीवर थांबलेल्याचा तोटा 55,000 रुपये असतो, सरासरी करणाऱ्याचा 95,000 रुपये.

‘विकला नाही तोवर तोटा नाही’ हे वाक्य वर्षानुवर्षे पैसा न लागणाऱ्यालाही जपूनच लागू पडते. कास्तकाराला ते मुळीच लागू पडत नाही, कारण त्याच्या पैशाला तारखा असतात. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो, कापसाचा त्यानंतर टप्प्याटप्प्याने, आणि जूनमध्ये बियाणे, खत, मजुरी यांसाठी तो पुन्हा लागतो. पीककर्ज 3 लाखांपर्यंत बिनव्याजी पडते तेही मुदतीत फेडले तरच. ती मुदत शेअरचा भाव वर येण्याची वाट पाहत नाही. मधल्या काही महिन्यांसाठी मोकळा दिसणारा पैसा हा खरे तर पुढच्या हंगामाचा पैसा असतो, आणि नेमका याच काळात संदेश फिरतो. जूनमध्ये लोअर सर्किट लागलेले असेल, तर कृषी केंद्राची उधारी वाढते किंवा घरातील सोने गहाण पडते, आणि त्यावरचे व्याज या शेअरच्या तोट्यात कोणी मोजत नाही. कधी तर विक्रीची वाटच बंद होते. डिजिटल जाहिरात क्षेत्रातील ब्राइटकॉम ग्रुपचा शेअर 2021 च्या अखेरीस शंभरीपार होता, 2023 मध्ये दहा रुपयांच्या खाली गेला, आणि वित्तीय निकाल वेळेवर सादर न केल्यामुळे जून 2024 मध्ये त्यातील व्यवहारच स्थगित झाले. लाखो किरकोळ भागधारकांनी तो विकलेला नव्हता; त्यांचा तोटा झाला नाही, असे संदेशकर्त्याने त्यांच्यासमोर म्हणून दाखवावे.

कराचे विधान सरळ चुकीचे आहे. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, शेअरवरील नफा नाही. 23 जुलै 2024 पासून बारा महिन्यांच्या आत विकलेल्या नोंदणीकृत शेअरच्या नफ्यावर 20 टक्के, आणि बारा महिन्यांनंतर विकलेल्यांच्या वर्षाला सव्वा लाखावरील नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. करपात्र उत्पन्न मूळ सवलतीच्या मर्यादेत असल्यास प्रत्यक्ष कर कमी किंवा शून्य होऊ शकतो, पण ती सवलत कोणालाही मिळते. शेतकरी म्हणून वेगळी काही नाही.

संदेशाच्या तळाशी एक मोबाइल क्रमांक आणि ‘आतली बातमी आहे, फुटण्याआधी घ्या’ असे वाक्य आहे. बातमी खरोखर आतली असेल, तर तिच्यावर व्यवहार करणे हा अंतर्गत माहितीच्या गैरवापराविरुद्धच्या नियमांचा भंग आहे. आतली नसेल, तर वाक्य खोटे आहे. मोबदला घेऊन शेअरचा सल्ला देणाऱ्याला सेबीकडे नोंदणी करावी लागते. सल्लागाराचा नोंदणी क्रमांक आयएनए या अक्षरांनी आणि संशोधन विश्लेषकाचा आयएनएच या अक्षरांनी सुरू होतो. या संदेशात असा क्रमांक कोठेही नाही. तो विचारून पाहावा, आणि मिळालाच तर सेबीच्या संकेतस्थळावरील यादीत त्याच नावापुढे तोच क्रमांक आहे का, हेही पाहावे.