आंबेमोहोराचा दाणा

सतरंजीवर पडलेला तांदळाचा दाणा आईने चिमटीत उचलून चष्म्याजवळ नेला. ‘आंबेमोहोर दिसतोय,’ असं ती म्हणतेय तोवर दाणा आक्रसला. मग लांब झाला. आईची किंकाळी ऐकून खालच्या मजल्यावरच्या काकू झाडू घेऊन आल्या. त्यांना वाटलं, पाल.

सोन्या शेपटी हलवत बसला होता. शेपटीखाली आणखी दोन दाणे.

डॉक्टरीणबाई अजिबात दचकल्या नाहीत. ‘टेपवर्म. अंगावर पिसवा असतील. खाजवताना हा पिसू गिळतो, तिच्या पोटातून जंताचं पिल्लू याच्या पोटात. तुम्ही पाहिलात तो नुसता तुकडा, अंड्यांनी भरलेला.’ म्हणजे हातभर लांबीचा मूळ पुरुष आत सुखरूप होता.

‘गोड खायला घालतोस, दुसरं काय!’ आई म्हणाली. मला लहानपणी जंत झाले तेव्हाही निकाल हाच लागला होता आणि शिक्षा वावडिंगाच्या काढ्याची झाली होती. सोन्याला वावडिंग चालेल का, हे विचारण्यासाठी ती मला कोपराने ढोसत राहिली. मी छताकडे पाहत राहिलो.

दर 10 किलोला एक गोळी. सोन्या काट्यावर ठरेना, म्हणून त्याला उचलून मीच चढलो. 107. मग एकटा. 87. म्हणजे दोन गोळ्या. हिशेब इथे संपायला हवा होता.

‘पॉलिसीच्या फॉर्मवर 78 लिहिलं होतंस ना?’ बायको म्हणाली.

घरी पहिली गोळी पेढ्यात दडवली. सोन्याने डोळे अर्धवट मिटून पेढा घोळवला, गिळला आणि गोळी माझ्या अंगठ्यावर अलगद ठेवली. चाटूनपुसून लख्ख, मधली रेघसुद्धा शाबूत. तूपभातातूनही तीच परत आली. तिसऱ्या खेपेला ती माझ्या चपलेत सापडली.

शेवटी आईने पदर खोचला. जबडा उघडला, गोळी जिभेच्या पार मुळाशी टाकली, तोंड मिटून धरलं आणि गळ्यावरून हात फिरवला. गट्. लगोलग दुसरी. ‘तुला एरंडेल असंच पाजायचे,’ ती मला म्हणाली.

पिसवा राहिल्या तर जंत पुन्हा येणार, म्हणून रविवारभर मी सोफ्याच्या खोळी धूत होतो. संध्याकाळी आईने माझ्या हातावर पेढा ठेवला.

मी तो आधी फोडून पाहिला.