मला हिरवं नकोच होतं!

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या त्या चाकांच्या अलाइनमेंटवाल्याला मी कागदावर लिहून दिलं होतं: पुढचा कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर किती कललंय) उणे दोन अंश, म्हणजे आत; टो (चाक पुढून आत-बाहेर किती वळलंय) शून्य. गाडी ट्रॅकवर जाणार आहे हेही सांगितलं होतं. तरी मशीनच्या स्क्रीनवर कॅम्बर कंपनीच्या मापाबाहेर म्हणून लाल दिसला, म्हणून पठ्ठ्याने बोल्ट सैल केले आणि तो कंपनीच्या आकड्यावर नेऊन ठेवला. वर मला सांगतो, ‘भैया, आउट था, हरा कर दिया.’ अरे, कुणी सांगितलं होतं तुला हिरवं करायला?

बहुतेक साध्या गाड्यांत पुढचा कॅम्बर बदलायची सोय कंपनी देतच नाही. मी मुद्दाम वेगळे बोल्ट मागवून बसवले, ते काय शोभेला? वळणावर गाडी कलते, बाहेरचं चाक वरून बाहेर झुकतं आणि सगळा भार टायरच्या बाहेरच्या कडेवर येतो. चाक आधीच वरून थोडं आत कललेलं असेल तरच टायर तिथे नीट टेकतो. माझा ट्रॅक म्हणजे ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, गाड्यांच्या शर्यतीचं, ते घड्याळाच्या दिशेने फिरतं. 5.125 किलोमीटर, 16 वळणं, त्यात दहा-अकरा नंबरचं ते उजवं वळण संपता संपत नाही. तिथे डावं पुढचं चाक अक्षरशः पिळून निघतं. त्याच चाकाचा कॅम्बर याने काढून घेतला!

आणि एवढ्यावर भागलं नाही. कॅम्बर हलवला की टोही हलतो, म्हणून टो सगळ्यात शेवटी लावायचा, ही या धंद्यातली पहिली गोष्ट. याने टो आधी लावला, मग कॅम्बरला हात घातला आणि पुन्हा मोजायचे कष्टच घेतले नाहीत. माझ्या हातात दिली ती प्रिंट आधीची. दुसरीकडे तपासलं तेव्हा दोन्ही चाकं पुढून अर्धा-अर्धा अंश बाहेर फाकलेली निघाली. अर्धा अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण त्यात टायर दर किलोमीटरला जवळजवळ 9 मीटर आडवा घासला जातो. आग्र्यापासून पुढे यमुना एक्सप्रेसवेचे 165 किलोमीटर धरा, सुमारे 1.4 किलोमीटर झालं, तेही नुसतं जातानाचं. सिमेंटचा रस्ता, वर आपल्याकडचा उन्हाळा. रबर टिकणार कसं?

पावसाळ्याच्या आधीच टायर गेले. डाव्या टायरची मधली नक्षी अजून चांगली खोल आहे, पण दोन्ही कडा खलास. हे दाखवायला गेलो तर म्हणतो, ‘हवा कम रखते हो.’ इथे माझं डोकंच फिरलं. हवा कमी असती तर उजव्या टायरचीही बाहेरची कडा गेली असती ना? ती शाबूत आहे. आणि आतल्या कडेवर हात फिरवून बघ म्हटलं. एका बाजूने गुळगुळीत लागतं, उलट फिरवलं की नक्षीतल्या प्रत्येक गोटीची धार बोटाला लागते. हे टोचं काम आहे, हवेचं नाही! याने हात लावायचीसुद्धा तसदी घेतली नाही. ‘मशीन तो सही है’ एवढंच धरून बसला.

मशीन बरोबरच आहे. ते फक्त मोजतं. पाना याच्या हातात होता आणि माझा कागद याच्या टेबलावर. शंभरच्या वेगाने, घरची माणसं बसलेली असताना, आतून बोडका झालेला टायर फुटला असता तर हा काय ती प्रिंट दाखवणार होता? दोन्ही टायरचे पैसे मी याच्याकडून वसूल करणारच.